उस्मानभाईंच्या लिव्हरचा फोटो

महाडात दवाखाना चालवला की औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. औषधांना निदान एक्स्पायरी डेट तरी असते! आता हे सगळे मुंबईच्या एकाच फेरीच्या निमित्ताने घडलेले.

दोन हजार दहानंतरची गोष्ट. तुडीलचे ट्रकवाले उस्मानभाई आणि उमरठचे शेतकरी धोंडूदादा, दोघांनाही जुना हेपटायटिस बी. लिव्हर आतून किती कडक झालंय हे बघायचं तर पोटात सुई घालून तुकडा काढायचा, नाहीतर मुंबईत नवीनच आलेली, हा कडकपणा मोजणारी एमआरआयची तपासणी करायची. सुईचं नाव काढताच दोघेही खुर्चीतून उठले! उस्मानभाईंचा थोरला भाऊ याच आजारात लिव्हर कडक होऊन गेलेला. त्यांचा एकच प्रश्न, "डॉक्टर, माझं पन तसंच झालंय काय?"

* * *

मी बजावलं, "सकाळपासून काही खायचं नाही हं. उपाशी पोटीच फोटो निघतो."

उस्मानभाईंनी कपाळाला हात लावला.

"रमजान चालू हाय डॉक्टर. आनखी किती उपाशी राहू?"

* * *

मुंबईला मीही दोघांबरोबर गेलो. मशीनपाशी अंगावर धातू चालत नाही. धोंडूदादांच्या कमरेला काळा करगोटा, त्यात चांदीचे मणी. टेक्निशियन कात्री घेऊन पुढे आला, तसे दादा भडकले.

"करगोटा तोडतात तो मानूस मेल्यावर! मी जिता हाय अजून!"

झाली का पंचाईत! सोबत आलेल्या उस्मानभाईंच्या बायकोने, सकिनाभाभींनी, पर्समधून काळा दोरा काढला. "दादा, आधी हा बांधा, मग तो तोडू दे. कंबर रिकामी नाय ऱ्हायची."

दादांनी दोरा बांधला, करगोटा तोडू दिला आणि ते आत गेले.

* * *

या तपासणीत बरगड्यांवर एक चकती बांधतात. ती धडधडते, आणि तिच्या लाटांवरून लिव्हर मऊ की कडक ते कळतं. धोंडूदादा शिमग्यात ढोल वाजवणारे. बाहेर आले ते तोंड वाकडं करूनच.

"दुखलं का?" मी घाबरून विचारलं.

"दुखतंय कसलं! येक ताल धड नाय. मला द्या, मी वाजवतो!"

* * *

मग उस्मानभाई. "श्वास सोडा आणि थांबा," टेक्निशियन म्हणाला, आणि तेवढ्यात त्याला फोन आला! उस्मानभाई बिचारे तसेच थांबले. बाहेर आले ते लालबुंद.

"'श्वास घ्या' म्हनायला विसरलात! सावित्री नदीत बुड्या मारलेला मानूस हाय, म्हनून वाचलो!"

* * *

रिपोर्ट महाडला माझ्या दवाखान्यात आले. धोंडूदादांचा ठीक होता. उस्मानभाईंचा ऐकायला त्यांच्याबरोबर सकिनाभाभी स्वतः आल्या.

या भाभींचा आवाज एरवी पार नदीपर्यंत जायचा. पण नवऱ्याचा आजार कळला आणि त्यांनी त्याच्यावर ओरडणंच सोडलं. "आजारी मानसाला काय बोलायचं?" म्हणायच्या. घरात चढा शब्द नाही की भांडण नाही.

मी रिपोर्ट वाचला. "थोडे व्रण आहेत, पण लिव्हर मऊ आहे. गोळ्या घ्या आणि मजेत राहा."

भाभी ओढणीत तोंड लपवून रडल्या. मग डोळे पुसून त्या नवऱ्याकडे वळल्या.

"मऊ हाय ना? मग ऐका आता! गोळ्या कोन चुकवतो? हायवेवर भजी कोन खातो? मला काय दिसत नाय काय?"

बाहेर बसलेले पेशंट दारात जमले. मी म्हटलं, "भाभी, जरा हळू..."

उस्मानभाईंनी माझा हात दाबला. डोळ्यांत पाणी, आणि तोंडभर हसू.

"बोलू द्या हो डॉक्टर. किती दिवसांनी बोलतेय!"