परशानं न मारलेली उडी

उंच उडीत उडी क्षणभराची आणि बसून राहणं दिवसभराचं. एकानं उडायचं, बाकीच्यांनी डोक्यावर टॉवेल घेऊन आपल्या पाळीची वाट बघायची. मग बोलण्याशिवाय करणार काय? म्हणून आमच्या मैदानावर किस्से साचतात. मी धारवाडच्या एका कॉलेजात फिजिकल डायरेक्टर. मुलं अक्का म्हणतात. कुठं लग्नाला गेलं तरी कुणीतरी विचारतंच, "ते परशाचं काय झालं हो?"

तर ऐका.

*

परशुराम अळणावरजवळच्या एका खेड्यातला. कॉलेजात आला कबड्डी खेळायला. एकदा मैदानातून जाताना मध्ये आमचा उंच उडीचा आडवा बार आला. गाद्या अजून लावायच्या होत्या. वळसा घालायचा सोडून हा पठ्ठ्या चपला हातात घेऊन वरून गेला! रानडुकरांसाठी घातलेली कुंपणं ओलांडायची सवय, दुसरं काय!

मी त्याला हाक मारली आणि दुसऱ्या दिवशी गादीवर उडवलं. पहिलीच उडी. पाठीवर पडला, तो उठेचना. मी धावत गेले.

"लागलं काय रे?"

"नाही अक्का. मऊ हाय. थोडा वेळ पडू?"

*

त्याचे वडील, मारुतीअप्पा, लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायचे. पोरगा कॉलेजात शिकायचं सोडून काय करतोय ते बघायला एकदा आले. बराच वेळ बघत उभे राहिले.

"ओ अक्का, पोराला पाठमोरं का उडवताय? जायचं तिकडं तोंड नको?"

मी सांगितलं, पाठीची कमान केली की अंग बारवरून अलगद सरकतं. फक्त पार झालो की नाही, ते पडल्यावरच कळतं.

अप्पा मग म्हणाले, "म्हंजे पुढं काय हाय ते न बघता उडी टाकायची. आमचं लग्न तसंच झालं की!"

*

परशाचा जोडीदार इरण्णा, जुन्या हुबळीतला. दोघंही डाव्या पायावर उडायचे, बुटांचं मापही एकच. भारताच्या ज्युनिअर टीमच्या निवडीच्या दिवशी परशाच्या स्पाइक्सचा, म्हणजे खिळ्यांच्या बुटांचा, तळ सुटला. इरण्णानं स्वतःचे काढून दिले. मग काय, सगळी स्पर्धा एकाच जोडीवर! हा उडून आला की तो घालायचा, तो आला की हा.

शेवटी दोघंही एकाच उंचीवर अडकले. पण परशानं बार कमी वेळा पाडला होता, म्हणून नाव परशाचं आलं. त्या वेळी स्पाइक्स परशाच्या पायात होते. तो मान खाली घालून नाड्या सोडायला लागला.

इरण्णानं त्याचा हात धरला. "बेडा," म्हणाला. नको. "आता काढू नकोस."

आणि अनवाणीच बसकडे चालायला लागला. मी मागून हाक मारली, पण त्यानं वळून बघितलं नाही.

*

परदेशातल्या स्पर्धेला टीमबरोबर कोच म्हणून मीही गेले. पात्रता फेरीत प्रत्येक खेळाडू हात वर करून टाळ्या मागायचा, आणि सगळं स्टेडियम ठेका धरायचं. परशाची पाळी आली. त्यानं काही मागितलं नव्हतं, तरी लोकांनी टाळ्या सुरू केल्या. हा आपला उभाच! कोचच्या कट्ट्याकडे बघून मला ओरडून विचारतो,

"अक्का, हे भजन कधी संपणार?"

मग त्यानंच ओठांवर बोट ठेवलं. एवढं मोठं स्टेडियम, पण गप्प झालं हो! त्या शांततेत पोरगं उडालं आणि फायनलला गेलं.

*

फायनलला शेवटी एका उंचीवर चौघं उरले. त्या उंचीवरून दोघं पार झाले, तिसऱ्यानं तिन्ही उड्यांत बार पाडला. परशाच्या दोन उड्या वाया गेल्या होत्या, एक उरली होती. ती जमली तर ब्राँझ, नाही तर आधी बार जास्त वेळा पाडला म्हणून चौथा.

दुसऱ्या उडीनंतर तो गादीवरून उठला, पण चालणं मला बरं दिसलं नाही. कट्ट्याजवळ आला.

"अक्का, पाय दुखालाय."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. ताप असला तरी हा "बरा हाय" म्हणणारा.

"किती दुखतोय?"

"सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही थांबवशीला."

"परशा, थांब. नको मारूस."

"एक उडी, अक्का. एकच."

"नको म्हटलं ना!"

माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही. लंगडत आपल्या खुणेवर जाऊन उभा राहिला. घड्याळ सुरू झालं. मी डोळे मिटून घेतले. पावलं वाजतील, वाजतील म्हणून कान लावून बसले.

वाजली नाहीत.

डोळे उघडले, तर परशा खुणेवरच, बारकडे हात जोडून उभा. वेळ संपली. पंचांनी लाल बावटा वर केला. एक्स-रेच्या फोटोत पायाच्या हाडाला तडा दिसला. तिथले डॉक्टर म्हणाले, आणखी एक उडी मारली असती तर हाड मोडलंच असतं.

*

त्याला गावी पोचवायला मीच गेले. परशा कुबड्यांवर. पारापाशी सगळं गाव गोळा झालेलं, हलगी वाजत होती. हार घेऊन मारुतीअप्पा सर्वांत पुढं.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "एक उडी मारली असतीस तर मेडल होतं की रे!"

हलगी थांबली. परशाची मान खाली गेली. तो तसाच कुबड्या सावरत वडिलांच्या पाया पडायला वाकला.

अप्पांनी त्याला खांद्याला धरून वर उचललं आणि पारावर बसवलं. हार बाजूला ठेवला. स्वतः खाली जमिनीवर बसले आणि त्याचा तो पाय अलगद उचलून आपल्या मांडीवर घेतला.

परशा पाय मागं ओढायला लागला. "अप्पा, नको. लोकं बघालेत."

"बघू देत."

खरखरीत हात पायावरून फिरवत अप्पांनी विचारलं, "कुठं दुखालंय, सांग."

परशानं बोट ठेवून दाखवलं.