दगडांवरची नावं

माझे भावजी, ओरोझाली, शाळेचा बॉयलर पेटवतात. माणूस सरळ, पण भित्रा. घाबरला की तोंडाला येईल ते बोलून मोकळा होतो.

त्यांच्या मुलीला, बेगायिमला, आपल्या मुलासाठी मागणी घालायला तेमिरकान आणि त्याची बायको बुबुसारा आले होते. चहा झाला, तळलेले बोरसोक संपत आले, तसं तेमिरकानने विचारलंच, "सात बापांची नावं सांगा पाहू."

आमच्यात सात पिढ्यांत एक बाप सारखा निघाला की मुलं भाऊबहीण ठरतात. लग्न नाही. आणि सात नावं न सांगणाऱ्याला गुलाम म्हणतात. भावजींचे वडील लवकर गेले, त्यामुळे त्यांना दोनच नावं ठाऊक. "कानिमेत, बोरोनबाय..." आणि गाडी अडली. मग कामावर जाताना कब्रस्तानातल्या दगडांवर जी दिसतात, ती नावं त्यांनी धडाधड म्हणून टाकली. पाचवं होतं सारिबाय.

तेमिरकानने चहाचा पेला खाली ठेवला. "आमचा सहावा सारिबाय. ह्याच खोऱ्यातला."

मंडळी उठून गेली. बेगायिमने दाराला आतून कडी लावली.

"भावजी, जिभेला काही हाड?" खरं कळल्यावर मी कडाडले. "दगड वाचून बाप करतात होय?"

"खोटं कबूल केलं तर गुलाम, नाही केलं तर पोरीचं लग्न गेलं," ते कपाळ धरून म्हणाले. तीन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. शेवटी मीच त्यांना ओढत त्यांच्या आत्याकडे, झुराकानकडे नेलं.

"पुढची नावं नाहीतच," आत्या म्हणाली. "फौजेच्या गोळ्या चुकवत सगळं खोरं चीनकडे पळालं, त्या साली तुझा आजा तान्हा होता. खिंडीत, बर्फात, मेलेल्या आईच्या छातीशी. कालिचा नावाच्या बाईने उचलला. तिचं स्वतःचं लेकरू आदल्याच दिवशी गेलं होतं. हे सांगायची तुझ्या बापाला लाज वाटायची."

मला वाटलं, संपलं. परतताना भावजी वाट बदलून थेट तेमिरकानच्या दारात गेले.

"मी खोटं बोललो," ते म्हणाले. "माझे बाप दोनच. त्यानंतर एक आई. कालिचा." आणि सगळं सांगून टाकलं.

तेमिरकानने ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "त्या खिंडीत आमचंही एक पोर राहिलं होतं. तेच तुमचा आजा असला तर?"

भावजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुणाचं राहिलं नाही तिथे?" बुबुसारा नवऱ्यावर उसळली. "माझ्या माहेरचीही दोन राहिली. तेवढ्यावरून भाऊबहीण ठरवायचं, तर अख्ख्या खोऱ्याने बिनलग्नाचं मरावं की काय?"

तेमिरकान हसला नाही. पण त्याने भावजींसाठी चहा ओतला.

आता बॉयलर पेटला की भावजी वही घेऊन म्हाताऱ्यांकडे बसतात, खिंडीत कोणाचं कोण राहिलं ते लिहून घेतात. प्रत्येक पान उलटताना धास्तावतात, न जाणो, त्यातलं एखादं पोर म्हणजे आपलाच आजा निघायचा. तरी उलटतात.

लग्नात बेगायिमला नावं विचारली. तिने ताठ मानेने सांगितली: ओरोझाली, कानिमेत, बोरोनबाय, आणि त्याला उचलणारी कालिचा. पाचवं कुणी विचारलं नाही.