अष्टमीचा खेळ

दिवाळी झाली की सातपाटीच्या मैदानात कमलाकांतशेठच्या टुरिंग टॉकीजचा तंबू उभा राही, आणि तंबूच्या दाराशी खंडेराव. त्याचं मूळ गाव साताऱ्याकडचं. तिथे आता त्याची वाट पाहणारं कुणी उरलं नव्हतं. अकरा वर्षं तो पडद्यामागे खाट टाकून राहत होता. दुपारी घंटा वाजवत गल्लोगल्ली खेळाची वर्दी द्यायची आणि संध्याकाळी दारात तिकिटं फाडायची, एवढं त्याचं काम.

खाटेशेजारी एक कॅलेंडर टांगलेलं असे. त्यात तो वार बघत नसे, तिथी बघे. पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणाला होड्या दर्यात असत. अष्टमीच्या सुमाराला पाण्याचा जोर उतरला की किनाऱ्याला लागत. मग गावाला सवड मिळे आणि तंबूत पाय ठेवायला जागा उरत नसे.

पहिल्या वर्षी तो भर पुनवेला घंटा बडवत फिरला होता. सुकट निवडत बसलेली रंभाबाई म्हणाली, "दादा, पुरुष सगले दर्यात हायत. शिनेमा काय बोंबलांना दाखवतोस?" तेव्हापासून ती त्याची चेष्टा करी आणि अधूनमधून वाटीभर कालवणही पाठवी. अष्टमीला आपला पाट घेऊन यायची आणि दाराजवळच बसायची.

सहासष्ट साली शेठनी टॉकीज विकायला काढली. ते पालघरला राहत, तंबूकडे क्वचितच फिरकत. एक दिवस येऊन म्हणाले, "खंडेराव, मुंबईच्या कंपनीचे साहेब गर्दी बघायला येतायत. रविवारी बोलावलंय."

"रविवारीच?"

"मग? सुट्टीचा वार."

खंडेरावने कॅलेंडर पाहिलं. रविवारी पौर्णिमा होती. एक शब्द बोलला असता तर शेठनी दिवस बदलला असता. पण रिकामा तंबू बघून साहेब आल्या पावली परत जातील, आपली खाट आहे तिथेच राहील, असं त्याला वाटलं. तो गप्प राहिला.

रविवारी तंबूत सात माणसं होती. त्यांतल्या तीन म्हाताऱ्या. साहेबांनी उभ्या उभ्या सगळं पाहिलं आणि शेठना म्हणाले, "तंबू, मशीन, माणसं, सगळं घेतो. पण या गावात धंदा नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर हजारो कामगार आलेत. बोईसरला हलवू."

दुसऱ्या दिवशी खंडेराव रंभाबाईच्या ओट्यावर जाऊन बसला. "पुनव आहे हे मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"मंग बोलला का नाय?"

"वाटलं, ते परत जातील."

रंभाबाईचे हात सुकटीत थांबले. "अष्टमीला बोलवायचंस रे. गर्दी बघून हितंच ठेवला असता तंबू."

हे त्याला सुचलंच नव्हतं.

बोईसरला रविवारी तंबू भरून वाहू लागला. लोक हिंदीत बोलत, तिकीट पुढे करत आणि त्याच्या तोंडाकडे न बघता आत जात. घंटा वाजवत फिरायची गरज उरली नाही. कालवणाच्या वाटीचा प्रश्नच नव्हता. तो खानावळीत जेवे.

कॅलेंडर मात्र त्याने पुन्हा खाटेशेजारीच टांगलं. अष्टमी आली की दाराजवळ एका पाटापुरती जागा तो मोकळी ठेवी. खेळ सुरू होता होता कुणीतरी तिथे चपला काढून ठेवी, आणि खंडेराव त्या उचलून बाजूला करी.