सुमी बोलली ते

सन १९७३. मी तवा एकतीस वर्षांचा, वडगाव रासाईचा कोतवाल. शिक्षण चौथी. आम्ही बौद्ध, देवदेवस्की घरातनं कवाच बाहेर टाकलेली. भूतबित सांगणाऱ्याला मी तोंडावर हसायचो, आजबी हसतो. पन ही एक गोष्ट...

गावात देवीची लस टोचायला डॉक्टर आला. माणसं गोळा करायचं काम माझं. माझी सुमी दहा म्हयन्यांची, कोपरांना आन् मानंला इसब. डॉक्टर म्हणाला, "हिला टोचायची न्हाई, अंगभर फुटंल. घरातल्या कुणालाबी नको. त्याच्या फोडाचं पाणी हिला लागंल."

मागनं बापू पाटील बोलला, "कोतवालाचं घर सुटलं व्हय? मग आमाला कशाला वढून आणलं?"

झालं! दुसऱ्या दिशी नदीपल्याड दौंड तालुक्यात गेलो. घरात इसब न्हाई म्हणून सांगितलं आन् टोचून आलो. बापूला दंड दाखवला.

सातव्या दिशी फोड पाण्यानं भरला. उकाड्यानं दंडावरचं फडकं काढून दुपारचा वट्ट्यावर बसलोवतो. सुमी रांगत आली. रोज माझ्या दंडाला गाल लावून निजायची. त्या दिशी दोन हात अलीकडंच थांबली. माझ्याकडं बघितलं — "आबा, लांब व्हा."

स्पष्ट. तिच्याच आवाजात. तवर तिला 'बा' सुदिक म्हणता येत न्हवतं.

बायको चुलीपुढनं बाहेर आली. "कोण बोललं वो?"

"तुझी पोर. बापाला हाकलतीया!"

हसलो... पन अंगावर काटा आलावता. तरी पोटच्या पोरीनं मला लांब म्हणावं? वढून छातीशी धरली. लई रडली, सोडली न्हाई.

आठवड्यानं तिच्या इसबावर फोड उठले, मग तोंडावर, डोळ्यांवर. दौंडच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरनं इचारलं, "घरात कुणी टोचून घेतलंय?" बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी सदऱ्याची बाही दंडावर वढली.

पाचव्या दिशी गेली. दुसरा शब्द बोलली न्हाई.

तिच्या तोंडून कोण बोललं, कसं बोललं, मला आजबी ठावं न्हाई. बायको मरंस्तवर म्हणायची, मी ऐकलं. मीबी ऐकलं.

सांजच्याला भीमेकाठी पुरली. दुसऱ्या दिशी सकाळी गावभर वरडत फिरलो — "इसबाचं पोर घरात आसंल त्यानं टोचून घेऊ नका... टोचलं आसंल त्यानं दंड झाका, पोराला जवळ घेऊ नका... मी घेतली, माझी सुमी गेली!" बापू पाटलाच्या दारात दोनदा वरडलो.