न चिकटणारा तवा आणि खुडूक कोंबडी

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिच्या खाण्यापिण्याची जबाबदारी मी आपणहून अंगावर घेतली. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझे बहुतेक उद्योग असेच, कुणी न सांगता सुरू होतात.

पहिला उद्योग म्हणजे तवा. एका लग्नाहून परतताना आमची जीप मांजरसुंब्याला चहासाठी थांबली. धाब्याशेजारी एकजण टेबल मांडून बिनतेलाचं आम्लेट करत होता. निवडून आलेला पुढारी आपल्या शब्दावरून घसरावा, तसं ते आम्लेट तव्यावरून घसरत होतं. "तेल न्हाई, चिकटणं न्हाई, घासणं न्हाई. घरात पोटुशी बाई असंल तर लई चांगला," तो म्हणाला. लेक आलीय हे त्याला दोन मिनिटांपूर्वी मीच सांगितलं होतं, तरी तो मला अंतर्ज्ञानी वाटला आणि मी तवा घेतला.

बायकोनं तवा उलटासुलटा करून पाहिला. तिचा लोखंडी तवा माहेरचा, त्यावर तिच्या आईच्याही भाकरी भाजलेल्या.

"ह्याच्यावर भाकरी? भाकरीला तवा लालबुंद तापावा लागतो. ह्ये सोसंल का त्याला?"

"अगं, विज्ञान हाय हे."

"मग विज्ञानालाच थापू द्या."

मी ते आव्हान समजलो. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती दिंद्रुडला गेली आणि लेकीला गरम भाकरी खाऊ घालायचा मी बेत केला. भाकरीबद्दल मला एकच गोष्ट पक्की ठाऊक होती, तीही जन्मभर ऐकून: तवा आधी रिकामाच चांगला तापवायचा, पाण्याचा थेंब पडला की चर्र झालं पाहिजे. तसा तो गॅसवर मोठ्या आचेवर चढवला. वाऱ्यानं आच हलत होती, म्हणून खिडकी लावली, दारही लोटलं. पीठ घेणार तेवढ्यात फोन वाजला. जिल्हा परिषदेचं तिकीट कुणाला, हा विषय निघाला. आमच्याकडं या विषयाच्या आड येणारी भाकरी अजून कुणी थापलेली नाही. मी बोलत बोलत अंगणात गेलो.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात विणलेल्या डालीखाली खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवलेली होती. बाहेर मांजराची नजर होती, म्हणून तिला घरातली मानाची जागा.

लेकीच्या ओरडण्यानं मी आत धावलो. शेजारच्या खोलीत पडलेली ती वासानं उठून आली होती. तिनंच गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि पोटाला हात लावून खोकत दारात उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डाल उचलली, तर कोंबडी अंड्यांवरच मान टाकून पडलेली.

बायको बाजारातून आली तोवर माझं निदान तयार होतं. "कोंबड्यांत मानमोडीची साथ आली वाटतं."

"मानमोडी? मग अंगणातल्या कोंबड्या कशा चरायल्यात?"

"ही घरात होती. घरातल्यांना आधी होते."

"तुमीबी घरातलेच की. तुमाला कावून न्हाई झाली?"

यावर मी काहीतरी जोरदार बोलणार होतो. तेवढ्यात लेक पुन्हा खोकली आणि म्हणाली, "अण्णा, छाती भरल्यागत होतंय." घरातली थट्टा तिथंच संपली. आम्ही तिला गाडीत घालून माजलगावला नेलं. वाटेत बायको नुसती लेकीची पाठ चोळत राहिली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तवा रिकामा किती वेळ होता?"

"तिकिटाचं ठरंपर्यंत."

"कुणाचं ठरलं?"

"ठरलंच न्हाई."

"म्हणजे बराच वेळ." त्यांनी लेकीच्या पोटावर यंत्र टेकवलं. खोलीत घोड्याच्या टापांसारखा आवाज घुमायला लागला, बाळाच्या काळजाचा. बाळ ठीक होतं. अशा तव्याचा लेप फार तापला की विषारी वायू सुटतो, पाखरांची फुप्फुसं नाजूक म्हणून ती लगेच जातात, माणसाला खोकला येतो, ताप येतो, बहुतेक वेळा उतरतो. पण लक्ष ठेवा, ताप आला किंवा दम लागला तर ताबडतोब या, असं त्यांनी सांगितलं.

"अंगात राहील का काही?" लेकीनं विचारलं.

"धूर राहत नाही. पण याच कुळातली काही रसायनं राहतात. न चिकटणारं, न भिजणारं, डाग न पडणारं असं जे जे आपण घेतो, त्यातल्या पुष्कळ गोष्टींत ती असतात. मातीत मुरली, पाण्यात गेली, तरी मोडत नाहीत. थोडी थोडी सगळ्यांच्याच रक्तात सापडतात. आईकडून बाळाकडंही जातात." काही रसायनांचा संबंध थायरॉईडशी, बाळाच्या कमी वजनाशी दिसून आलाय, हेही त्यांनी लपवलं नाही.

"मग अंगावर पाजू का नको?"

"पाजायचंच. दुधाचा फायदा मोठा आहे. फक्त तो तवा नको."

परतीच्या वाटेवर मी विचार करत होतो. आमच्या भागातला रस्ता एक पावसाळा टिकत नाही. हातपंप उद्घाटनाच्या फोटोपुरता टिकतो, युती निकालापर्यंत. आणि टिकाऊ म्हणून माणसानं शेवटी काय शोधून काढलं? न चिकटणाऱ्या तव्यातलं कायमचं चिकटणारं रसायन. आणि ते हौसेनं घरात आणलं कुणी, तर मी.

तवा टाकायचा कुठं, हाही प्रश्नच. चुलीत घातला तर पुन्हा तोच धूर. विहिरीत टाकायला मन धजेना. भंगारवाल्याला द्यावा तर तो आणखी कुणाच्या गॅसवर चढणार. "ज्यानं आणला त्यानं उशाला घेऊन झोपावं," असं बायकोनं सुचवलं. सध्या तो माळ्यावर पालथा आहे.

लेकीचा खोकला हळूहळू गेला, माझा घोर गेला नाही. ती नुसती ठसका लागून खोकली तरी मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा. शेवटी तीच वैतागली, "अण्णा, पोट माझं हाय, तुमी कावून धापा टाकायलात?" बाळ हललं का, हे मी तिला इतक्यांदा विचारायचो की जावयानं फोनवर मला समजावलं.

बाळंतपणाच्या दिवशी दवाखान्याच्या ओसरीवर दोन्हीकडचे नातेवाईक जमले होते. आतून रडण्याचा आवाज आला आणि थोड्या वेळानं नर्सनं दार उघडलं. सगळ्यांचा प्रश्न एकच, पोरगा का पोरगी? मी पुढं घुसून विचारलं, "श्वास नीट घेतंय का?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आजोबा, एवढं बोंबलायलंय, ते काय श्वासाबिगर?"

मग मी बाकड्यावर जाऊन बसलो. आत कोण आलंय, हे मला हातात बर्फीचा पुडा पडला तेव्हा कळलं.