पहिल्या रांगेतून पाहिलेला सिनेमा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्ही आमच्या राजापेठेतले नाही, म्हणून सांगतो.

मी काटेकोर माणूस. विजेच्या बिलातली चूक शोधून, कचेरीत जाऊन दाखवून आलेला. म्हणून तर मुलीच्या शाळेने पालकांमधून मला निवडलं — कशासाठी? सिनेमा पाहायला! रस्त्यावरच्या अपघातांचा, खऱ्याखुऱ्या, चाळीस मिनिटांचा. नववीला तो सक्तीचा करावा का, हे आम्ही काही पालकांनी आधी पाहून ठरवायचं होतं.

मी पहिल्या रांगेत बसलो. ताठ. शेवटपर्यंत हललो नाही. मग उभा राहून म्हणालो, मी पाहिला, मला काही झालं नाही. सक्तीचा करा, सूट कोणालाच नको. काय टाळ्या पडल्या!

घरी रेवती, माझी मुलगी, म्हणाली, "बाबा, मले नाई पाह्याचा. रक्त पाह्यलं का मले गरगरते."

"मी पहिल्या रांगेतून पाह्यला. माही पोरगी अन् भेते?"

तिने पाहिला. डोळे सताड उघडे ठेवून. नंतर कितीतरी दिवस दिवा लावून झोपायची, टमाट्याची चटणी दिसली की ताटावरून उठायची. आणि मैत्रिणींना काय सांगायची? — "आमच्या बाबाले काईच होत नाई."

होणार कसं? आता सांगूनच टाकतो — पहिली गाडी आदळली आणि मी चष्मा काढून खिशात घातला. माझा नंबर उणे सात. चष्म्याविना पडदा म्हणजे नुसते रंग, गणपतीतल्या रोषणाईसारखे. आणि आवाज? तो ऐकू येऊ नये म्हणून मनात तेराचा पाढा म्हणत होतो. तेराचा संपला, मग सतराचा.

रेवती आता अकोल्याला, जुन्या शहरातल्या एका शाळेत शिकवते. काल तिचा फोन आला. तिथेही तसाच सिनेमा, तोच प्रश्न.

"बाबा, उद्याच्या मीटिंगमधी मी तुमचंच उदाहरण देऊन राहिली. सक्तीचाच करा म्हणते."

"सक्ती नको करू," मी म्हणालो.

"काहून? तुमीच तर पहिल्या रांगेत —"

"हॅलो? हॅलो? आवाज कटून राहिला बेटा," म्हणत मी फोन बंद केला.

आवाज अगदी स्वच्छ येत होता.