डावखुऱ्याची बदली

नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे मिळून अमेरिकेतल्या आमच्या त्या बेसबॉल संघाचे चाहते किती, असं कुणी विचारलं तर मी छातीठोकपणे सांगेन, दोन. एक मी. बिलोलीत भाड्याच्या खोलीत राहते आणि जवळच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. दुसरा माझा नवरा. तो लातूरला राहतो, तोही जिल्हा परिषदेचाच मास्तर, फक्त परिषद वेगळी. लग्न झालं तेव्हापासून आमचे जिल्हे वेगळे आहेत. आमच्या संसाराची चौकशी करणाऱ्याला मी एवढंच सांगते आणि ते पुरतं.

बेसबॉल आमच्याकडे कुठून आला, याचं लोकांना नवल वाटतं. त्यात नवल काही नाही. क्रिकेटला पोरांची झुंबड असते, तिथं नंबर लागत नाही. सॉफ्टबॉल-बेसबॉलला गर्दी कमी, सर्टिफिकेट लवकर, आणि सर्टिफिकेट असलं की खेळाडू कोट्यातून नोकरीची आशा. म्हणून आमच्या पीटीच्या सरांनी अर्ध्या शाळेच्या हातात ग्लोव्ह दिले. मला त्या सर्टिफिकेटचा नोकरीसाठी काडीचा उपयोग झाला नाही. नवरा तेवढा मिळाला.

नांदेडजवळ विष्णुपुरीच्या मैदानावर फक्कीने रेघा मारून सराव चालायचा. मी डावखुरी, मुलींच्या संघाची पिचर, म्हणजे बॉल टाकणारी. आमच्या कॅचरचं बोट सुजलं तेव्हा मुलांच्या संघातला एक कॅचर माझे बॉल घ्यायला येऊन बसायला लागला. बोलायचा कमी. बॉल चुकला तर बोलायचा नाही, नीट पडला तर नुसती मान हलवायचा. तेव्हा आमचं अरे-तुरे होतं. लग्नानंतर सासूबाईंसमोर त्याचं अहो झालं, आणि फोनवर मी परत अरेवर आले. संसार बराचसा फोनवरच असल्यामुळे अहोला फार वाव मिळाला नाही.

तो संघ आम्ही निवडला तो त्यांच्या पिचरमुळे. लांब हातापायांचा, खाली मान घालून चालणारा, डावखुरा. त्यांच्या संध्याकाळच्या मॅचेस आपल्याकडे सकाळी लागतात. मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून भाकरी थापायची, तिकडे तो दाढी करत पाहायचा. कानात एकमेकांचा आवाज. "बघ, आता खाली टाकतो का न्हाई," तो म्हणायचा, आणि डावखुरा खालीच टाकायचा. नवऱ्याने दिवसभरात मला तेवढंच काय ते मन लावून सांगितलेलं असायचं. महिन्यातून दोनदा शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी देगलूर, उदगीर करत लातूर गाठायची आणि रविवारी परत फिरायची. सासूबाई दर खेपेला नातवाचा विषय काढत. मूल फोनवरून होत नाही, असं मी एकदा बोलून गेले, तेव्हापासून त्या तो विषय मला सोडून बाकी सगळ्यांकडे काढतात.

हिवाळा वाईट जातो. मॅचेस बंद असतात, सकाळी फोन लावायला निमित्त नसतं. हिवाळ्यात तिकडे फक्त अफवा असतात, कोण कुठल्या संघात चालला याच्या. यंदाच्या हिवाळ्यात आमच्या डावखुऱ्याचं नाव आलं. त्याला दुसऱ्या संघाला देणार आणि बदल्यात दोन कोवळे खेळाडू घेणार. ट्रेड पक्का आहे म्हणे, मेडिकल तेवढं व्हायचंय, मग अधिकृत होईल. तिकडचे हजारो चाहते त्यावर रात्रंदिवस लिहीत होते. मी मधल्या सुट्टीत, पोरं खिचडीच्या रांगेत असताना, व्हरांड्यात उभी राहून ते वाचायची. एवढी माणसं माझ्यासारखीच वाट बघून राहिली आहेत आणि त्यातल्या एकालाही मी ओळखत नाही, हे वाचताना फार एकटं वाटायचं.

मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, मोबाइलमध्ये एवढं काय बघता. मी ट्रेडचं सांगितलं. ते मन लावून ऐकतात, कारण बदली हा त्यांचा हातखंडा विषय आहे.

"त्याची संमती घेतली का?"

"तिथं विचारत नाहीत सर."

"मग ही प्रशासकीय बदली झाली. अन् बायको कुठं असते त्याची? पती-पत्नी एकत्रीकरणात बसतो का बघा म्हणावं."

मला हसू आलं, पण मीही त्याच नजरेने पाहत होते हे खरं. आम्ही जिल्हा परिषदेची माणसं दुसऱ्या कुठल्या नजरेनं बघणार? शिवाय त्याच हिवाळ्यात माझीही बदली अडकलेली होती. एकत्रीकरणात माझा नंबर कधी लागला नव्हता, लातूरला जागाच नसायची. शेवटी राहिला एकच मार्ग, आपसी बदली. लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या शिक्षिकेला नांदेडला यायचं असेल तर ती माझ्या जागेवर आणि मी तिच्या. असं माणूस शोधायला शिक्षकांचे ग्रुप असतात. लग्नाची स्थळं बरी, इतक्या चौकशा तिथं होतात. वर्षानुवर्षं शोधून मला एक बाई सापडल्या. शाळा निलंग्याकडे, घर भोकरला. वडील नाहीत, भाऊ नाही, लग्न केलेलं नाही. आई अंथरुणाला खिळलेली, शेजारणीच्या भरवशावर. आईसाठी त्यांना इकडे यायचं होतं. आम्ही कधी भेटलो नाही, फोनवरच बोलायचो. त्यांच्या आईची तब्येत फार बरी नाही हे ऐकलं तेव्हा मी "अगंबाई" म्हणाले खरी, पण मला आतून धीर आला होता. आता ही बाई मागे फिरणार नाही, असं वाटलं होतं.

आमची नावं जुळली, दोघींच्या संमत्या गेल्या. यंदा बदल्या लांबत लांबत हिवाळ्यात आल्या होत्या, आणि फक्त आदेश यायचा राहिला होता. लातूरला नवऱ्याने स्वयंपाकघरात नवीन फळ्या ठोकून घेतल्या. हे त्याने मला सांगितलं नाही, सासूबाईंनी सांगितलं. त्याच्याशी मी फक्त ट्रेडबद्दल बोलायची. सकाळी पुन्हा फोन सुरू झाले होते.

"आलं का काही?"

"न्हाई अजून. मेडिकलवर अडलंय म्हणतेत."

"जाऊ नये तो."

"जाऊ दे की. दोन चांगले मिळायलेत."

"तुला काय, तू कॅचर. पिचर कुणीही असला तरी तुझं भागतं."

यावर तो हसला. "आणि तुझं आलं का?" असं त्याने विचारलं की मी पण नाही अजून म्हणायची. दोन्ही गोष्टींची वाट एकाच आवाजात पाहणं सोपं जात होतं.

मग आमच्या शाळेने घोळ घातला. आदेश यायच्या आधीच माझा निरोप समारंभ करून टाकला. मी नको म्हणत होते, पण मुख्याध्यापक लेकीच्या लग्नासाठी रजेवर चालले होते, आणि आपण नसताना निरोप कसा होईल, हे त्यांना पटेना. "पोर्टलला नाव जुळलं म्हणजे झालीच की मॅडम. आदेश काय, नावाला." अशा आदेशाआधीच्या निरोपांना आमच्या भागात कमी नाही. शाल झाली, श्रीफळ झालं, साडी झाली. पोरांना शिरा होता. शालेय समितीच्या अध्यक्षांनी मी कशी मायेची आहे ते सांगितलं, त्यातलं निम्मं माझ्या आधीच्या बाईंबद्दल असावं. दुसरीच्या पोरी रडल्या. मीही रडले. इतकी वर्षं मी जिथून सुटायला बघत होते तिथं इतकं रडू येईल असं मला वाटलं नव्हतं. साडी जांभळी होती, आणि खोलीवर येऊन ती अंगावर लावून बघितली तेव्हा मी लातूरच्या त्या नवीन फळ्यांसमोर उभी आहे असंच मला दिसत होतं.

पुढच्याच आठवड्यात भोकरहून फोन आला. त्याच बाई. आवाज बसलेला.

"मॅडम, आई गेली माझी."

मी जे म्हणतात ते म्हणाले. कधी, कसं, त्रास झाला का. त्या सांगत राहिल्या, मी ऐकत राहिले, आणि ज्याची मला भीती होती ते त्यांनीच काढलं.

"मी संमती काढून घेतली मॅडम. तुम्हाला दुसरीकडून कळण्यापरीस मीच सांगावं म्हणलं."

फोन ठेवला. मग शाळेत गेले, कारण शाळा होती. पोरं माझ्याकडे बघत होती. एकीने विचारलं, "बाई, तुम्ही गेल्या होत्या ना?" रजेवरून परतलेल्या मुख्याध्यापकांना मी साडी परत करायची का ते विचारलं. ते अवघडले. "राहू द्या. पुढच्या येळी लागंल," म्हणाले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ती साडी मी अजून नेसलेली नाही.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जाऊन ये तिकडं. समोरासमोर बोल. दुःखात माणूस काहीबी ठरवतं. थोडं थांबल्या तर त्यांचं मन बदलंल." एरवी तो मला कधी काही कर म्हणत नाही. म्हणून मी रविवारी भोकरला गेले.

घर लहान होतं, रस्त्याला लागून. मला वाटलं होतं माणसं असतील. बाई एकट्याच होत्या, सतरंजीवर, भिंतीला टेकून. माझ्याहून थोड्या मोठ्या. मला पाहून उठल्या आणि मी नाव सांगायच्या आत त्यांनी ओळखलं. आपसी बदलीत दोन माणसं एकमेकांना कधी भेटत नाहीत. ही निघते तेव्हा ती पोचलेली असते. बदली झाली असती तर आम्हीही आयुष्यात भेटलो नसतो.

शेजारीण चहा घेऊन आली. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "पाव्हण्या कोण म्हनायच्या?"

"माझ्या जागेवर जानाऱ्या होत्या ह्या," बाई म्हणाल्या. शेजारणीला काही कळलं नाही, पण तिनं मान हलवली.

कोपऱ्यात पलंग होता. गादी काढून टाकलेली, नुसत्या पट्ट्या दिसत होत्या. बाईंनी मला आईचं सगळं सांगितलं. शेवटी शेवटी आई सारखी विचारायची, तुझी बदली झाली का. त्या म्हणायच्या, होऊन राहिली, आदेश तेवढा यायचाय.

"लई नुकसान केलं मी तुमचं मॅडम."

मी नाही म्हणाले.

"पन आता कुनासाठी येऊ इकडं? तिकडं निदान शाळेतली पोरं वळखतेत मला. हितं हे घर, अन् आत गेलं की ती खाट."

मी जे विचारायला आले होते ते माझ्या तोंडात होतं. थोडं थांबा, घाई करू नका, एवढंच म्हणायचं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी ते विचारीन याची वाट बघत होत्या, हे मला कळत होतं. मी चहा पिऊन घेतला. निघताना त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला रडू आलं. त्यांच्या आईसाठी आलं की माझ्यासाठी, हे त्यांनीही विचारलं नाही.

नांदेडच्या बसमध्ये बसले आणि त्याचा फोन आला.

"विचारलं का?"

"नाही."

"का?"

"नाही विचारवलं मला. त्यांचं इथं कुणीच राहिलं नाही रे आता."

मला वाटलं रेंज गेली. बस वळणावर हळू झाली आणि मग त्याचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत.

"अन् माझं हितं कोन हाय?"

इतक्या वर्षांत हे त्याने कधी म्हटलं नव्हतं. मी त्याला घट्ट मनाचा समजत होते. वाट बघते ती मी, एकटी आहे ती मी, तो आपला दाढी करत मॅचेस बघतो, असंच मी धरून चालले होते.

त्यानेच खाकरून आवाज नीट केला. "ते झालं बरं का," तो म्हणाला. "डावखुऱ्याचं. मेडिकल झालं, अधिकृत आलं. गेला तो."

"बरं," मी म्हणाले.

मग तो बदल्यात मिळालेल्या दोघांबद्दल सांगायला लागला. एकाचा हात कसा आहे, दुसरा अजून किती लहान आहे, पुढच्या वर्षी त्यातला कोण खेळेल. भराभर सांगत होता. मी हं हं करत राहिले. त्याला थांबवावं असं सारखं वाटत होतं, पण थांबवलं असतं तर तो रडला असता, आणि मी त्याच्यापासून इतकी लांब त्या भरल्या बसमध्ये बसून नुसतं ऐकलं असतं.